मागचं माझ्याकडे

१

खालच्या मजल्यावरच्या आतल्या दोन खोल्यांमधली भिंत पाडून आम्ही एकच लांब खोली करून घेतली ती आमच्या गुडघ्यांपायी. माझे साठीला कुरकुरायला लागले आणि मुंगीचे छप्पन्नाव्या वर्षीच. रोज वर झोपायला जायचं आणि दिवसातून दहादा खाली-वर करायचं हे आता फार दिवस निभणार नाही, तर पाय चालताहेत तोवर खाली येऊ या, असं तिचं म्हणणं.

मुंगी म्हणजे माझी धाकटी बहीण. लहानपणी सारखी काही ना काही उचलून नेत असायची म्हणून हे नाव पडलं, ते केस पिकले तरी सुटलं नाही. लग्न दोघींनीही केलं नाही. का केलं नाही असं विचारणारी माणसंही आता राहिली नाहीत. मी घरी शिवणकाम करते. मुंगीनं तीस वर्षं बस-स्थानकात चौकशीच्या खिडकीत काढली. गाडी कधी सुटणार, कुठून सुटणार, अजून का सुटली नाही, हे दिवसभर सांगून घरी आल्यावरही तिचं तोंड थकायचं नाही. घरात बोलायचं काम तिचं आणि हूं म्हणायचं माझं.

मिस्त्री लाकडी फळ्या बसवून, मशीनने घासून गेला. तेल आम्ही घरच्या घरी लावतो म्हटल्यावर त्याला फारसा भरवसा वाटला नाही, पण जाताना त्यानं सगळं नीट समजावलं. तेलाचे तीन हात द्यायचे. खोलीचे लांबीला पाच पट्टे पाडायचे आणि दारापासून सगळ्यात लांबच्या भिंतीकडून सुरुवात करायची, म्हणजे शेवटचा पट्टा दाराशी येतो आणि माणूस सुखरूप बाहेर पडतो. एकीनं शेजारच्या कोरड्या फळ्यांवर गुडघे टेकून तेल लावत पुढं जायचं, दुसरीनं जरा अंतर ठेवून मागून पुसत यायचं. लाकूड हवं तेवढं तेल पितं. वर उरलेलं पुसलं नाही तर चिकट होऊन बसतं आणि मग घासूनच काढावं लागतं. आणि फडकी चुरगळून ठेवायची नाहीत. तेलाचं फडकं चुरगळून पडलं की आतल्या आत तापत जातं आणि कुणी काडी न लावता पेटतं.

"म्हणजे अगदी ताईसारखं," मुंगी म्हणाली. मिस्त्री हसला, मी हसले नाही.

वाद झाला तो वेगळ्याच गोष्टीवरून. दुसऱ्याचं काम तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही. मुंगीनं घातलेली शिवण मी जन्मभर उसवत आले आहे. तेव्हा तिनं आधीच अट घातली.

"मी मागून पुसत येईन. पण पट्टा संपेपर्यंत तू वळून बघायचं नाहीस. पुढचं तुझ्याकडे, मागचं माझ्याकडे. बघितलंस की मी उठले."

मी कबूल केलं. मला वाटलं, माझ्याच्यानं दहा मिनिटंही राहवणार नाही.

२

शनिवारी सकाळी दहाला आम्ही पहिला हात द्यायला बसलो. गुडघ्यांखाली जुन्या उश्या, हातात जुन्या चादरीची फडकी. खोली लांब असल्यामुळे एकेका पट्ट्याला पाऊण तास लागत होता. पट्ट्याच्या टोकाला पोचले की मी "झालं" म्हणायचे, मागून पोचल्यावर तीही "झालं" म्हणायची, आणि मगच मी वळायचं, असं ठरलं होतं. पहिले दोन पट्टे छान झाले. मी खरंच वळले नाही.

मुंगीचं पुसणं न बघता ओळखू येण्यासारखं होतं. दोन लांब हात, मग एक आखूड, आणि फडक्याची घडी उलटताना जमिनीवर हलकीशी थाप. ती सोबत बोलतही होती. खोलीत पलंग कुठं टाकायचे, खिडकीकडचा कुणाचा, मी घोरते म्हणून मधे कपाट ठेवावं की काय, असं बरंच.

तिसऱ्या पट्ट्याला ती गप्प झाली.

मी मनात म्हटलं, दमली एकदाची. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. खिडकीतून ऊन आलं होतं, तेलाचा खमंग वास सुटला होता, आणि मागून तेवढा आवाज येत होता. दोन लांब, एक आखूड, थाप. मधे दोनदा मला वळून बघावंसं वाटलं. ती कोपरे सोडते, मला माहीत आहे. पण मी मान आवळून धरली. जन्मात पहिल्यांदाच मी तिचं काही ऐकत होते आणि त्याचं मला कौतुक वाटत होतं.

पट्टा संपला. मी "झालं" म्हटलं. मागचा आवाज माझ्या टाचांपाशी येऊन थांबला. मी भिंतीकडं तोंड करून तिच्या "झालं"ची वाट बघत राहिले. शब्द दिला होता ना. नंतर मात्र मी वळले.

मुंगी तिकडं पलीकडच्या टोकाला होती, जिथं पट्टा सुरू झाला होता तिथंच. कुशीवर, गाल फळीवर टेकलेला, डोळे उघडे. आणि पट्टा मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरडा पुसलेला होता. तिचं फडकं माझ्या टाचेशी पडलं होतं, तिच्या सवयीप्रमाणे तीन घड्या घातलेलं.

३

इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी मला एकच गोष्ट फिरून फिरून विचारली. हे झालं कधी?

मी सांगितलं, आत्ताच, उचलून आणलं त्याच्या दोन मिनिटं आधी. त्यांनी मला मुंगीचा गाल दाखवला. फळ्यांच्या फटीची रेघ गालात रुतली होती आणि गालाला लागलेलं तेल चिकट झालं होतं. किमान पाऊण तास तरी त्या तशाच पडून असाव्यात, डॉक्टरबाई म्हणाल्या. मेंदूत अडकलेल्या रक्ताच्या गाठीवरचं औषध जितकं लवकर द्यावं तितकं चांगलं. तो पाऊण तास मिळाला असता तर, असं म्हणून त्यांनी पुढचं वाक्य सोडून दिलं.

मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, ती पुसत होती, मी कानांनी ऐकलं आहे. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. सवयीचा आवाज असला की तो थांबल्यावरही मन तो ऐकत राहतं, असं होतं, म्हणाल्या. पुसलेल्या पट्ट्याचं त्यांना सांगितलं नाही. काय सांगणार? दुःखानं बाईच्या डोक्यावर परिणाम झाला, असंच म्हणाल्या असत्या.

मुंगीची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. जिनं तीस वर्षं सगळ्या गावाला उत्तरं दिली तिला आता पाणी मागता येत नव्हतं. तिचं घड्याळ त्यांनी पिशवीत घालून माझ्या हातात दिलं. जगाच्या उलट ती ते उजव्या हातात बांधायची. ते मी कपाटात ठेवून दिलं.

रात्री पडल्या पडल्या मी एकच हिशोब मांडत होते. मी वळले असते तर. मान एवढीशी वळवली असती तर.

४

आठ दिवसांनी तिला शुश्रूषा केंद्रात हलवलं. तिथल्या व्यायाम घेणाऱ्या बाई चांगल्या होत्या. रोज उजवा हात-पाय हलवून घ्यायच्या, आणि चित्रं दाखवून शब्द बोलवून घ्यायच्या. सोळाव्या दिवशी मुंगी "ताई" म्हणाली. पहिला शब्द तोच. मी बाहेर जाऊन व्हरांड्यात रडून आले. मग "पाणी" आला, "नको" आला, "चल" आला. मापांच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी ते लिहून ठेवत होते.

केंद्रात महिनाभरच ठेवणार होते. घरी आणायचं म्हणजे जिना चढणं शक्य नाही, खालची खोली तयार हवी. दुसऱ्या कुणाला बोलवावं, तर आमचं अर्धवट काम कुणी हातात घेईना. मिस्त्री दुसऱ्या गावी गेला होता. शेवटी मीच उश्या काढल्या. पहिल्या हाताचे दोन पट्टे राहिले होते. मी ठरवलं, आपण लावायचं, मग फिरून मागं जायचं आणि आपणच पुसायचं.

सकाळी दहाला चौथा पट्टा घेतला. अर्ध्यावर आले आणि मागून आवाज आला. दोन लांब, एक आखूड, थाप.

माझे हात थांबले. आवाजही थांबला. मी हात चालवला, तसा तोही चालू झाला.

डॉक्टरबाईंचं म्हणणं मला आठवलं. सवयीचा आवाज आहे, मन ऐकतं आहे. मी स्वतःला हेच सांगत पट्टा संपवला, भिंतीपाशी पोचले आणि सवयीनंच "झालं" म्हणून गेले. उत्तर आलं नाही. वळून बघितलं तर खोलीत कुणी नव्हतं. पट्टा पुसलेला होता, कोपऱ्यासकट.

लाकूड नवं आहे, तहानलेलं आहे, सगळं तेल पिऊन टाकलं असेल, हीही समजूत मी घातली. टाचेशी फडकं होतं. मी आणलेलं दुसरं फडकं खिडकीत कोरडं पडलं होतं, आणि हे वेगळंच, तीन घड्यांचं, तेलानं ओलं. हातात घेतलं तर कोमट लागलं. तेलाचं फडकं तापतं, मिस्त्रीनं सांगितलं होतंच. मी ते पाण्याच्या बादलीत टाकलं आणि पाचव्या पट्ट्याला बसले.

५

दुपारी केंद्रात गेले तर व्यायामाच्या बाई दारातच भेटल्या, तोंडभर हसत. सकाळी मुंगीचा उजवा हात हलला होता. आपणहून. दहाच्या सुमारास सुरू झाला आणि दीड तास चादरीवर पुढं-मागं, पुढं-मागं फिरत होता. एवढ्या लवकर हे होत नाही, फार चांगली खूण आहे, त्या म्हणाल्या.

"दोनदा लांब आणि एकदा आखूड?" मी विचारलं.

तुम्हाला कसं कळलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ती घरी तशीच पुसायची.

मुंगी दमून झोपली होती. उठल्यावर पाण्याचा पेला दाखवला तर ती नुसती बघत राहिली. "पाणी" हा शब्द गेला होता. असं खाली-वर व्हायचंच, काळजी करू नका, बाई म्हणाल्या. मला काळजी नव्हतीच. त्या संध्याकाळी मी इतक्या दिवसांनी पोटभर जेवले. तिचा हात हलत होता. तिचा हात माझ्या खोलीत काम करत होता आणि त्यामुळं तिथं तो हलत होता, असा सरळ हिशोब मी मांडला. विचित्र होतं, मान्य आहे. पण बहिणीचा मेलेला हात हलायला लागला तर कुठली थोरली बहीण तक्रार करत बसेल? एक शब्द गेला, तो परत येईल. पुढचा हात लगेच द्यायचा, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं.

६

दुसरा हात दोन दिवसांत झाला. पहिल्या दिवशी तीन पट्टे, दुसऱ्या दिवशी दोन. मी आता घाबरत नव्हते. आवाज सुरू झाला की मी बोलायला लागायचे. पलंग आले बरं का, खिडकीकडचा तुझाच. पडदे शिवायला घेतलेत. मी जन्मात एवढी बोलले नसेन. मागून उत्तर यायचं नाही, पण मी विनोद केला की आखूड हाताची थाप जरा जोरात पडायची. ती तशीच हसायची, हातातली वस्तू आपटून.

मी एकदाही वळले नाही. बघितलंस की मी उठले, असं ती म्हणाली होती.

केंद्रात दोन्ही दिवस हात कोपरापर्यंत हलला. पण व्यायामाच्या बाई आता हसत नव्हत्या. हात हलताना त्यांनी मुंगीला हाक मारली होती, चिमटा काढला होता, डोळ्यांत बॅटरी मारली होती. ती तिथं नसल्यासारखीच होती, म्हणाल्या. आणि दीड-दोन तासांनी हात थांबला की पुन्हा ओंडका. तपासायला गेलं तर बोटही हलत नाही. कदाचित आत आणखी छोटे झटके येत असावेत, डॉक्टरांना दाखवू या.

मी पलंगाशी जाऊन बसले. "मुंगे," म्हटलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. स्वतःकडं बोट दाखवून मी विचारलं, मी कोण? तिनं तोंड उघडलं. ओठ हलले, जीभ हलली, कपाळावर आठ्या पडल्या. मग तिनं तोंड मिटलं आणि माझ्याकडं एखाद्या परक्या बाईकडं बघावं तसं, नम्रपणे, बघत राहिली. खिडकीच्या पलीकडच्या प्रवाशांकडं ती असंच बघत असणार.

"नको" आणि "चल" हेही गेले होते. वहीचं शेवटचं पान रिकामं झालं.

त्या दिवशी घरी चालत येताना मला सगळं स्वच्छ दिसलं. तिकडून जे कमी होत होतं ते इकडं येत होतं. मीच ते ओढून आणत होते, पट्ट्यापट्ट्यानं. आणि सुरुवात त्या शनिवारी झाली होती. मी वळले नाही, म्हणून ती पुसत राहिली. अंग तिथं पडलं आणि ती काम सोडून उठली नाही, कारण मी बघितलं नाही.

७

तिसरा हात द्यायचाच नाही, असं मी ठरवलं होतं. दोन हातांवर भागतं. पण मग वाटलं, ती अशीच आत अडकून राहिली तर? एकदा शेवटचं बोलवायचं आणि पट्ट्याच्या मध्यात सरळ वळून बघायचं. अट तिचीच होती. मी बघितलं की ती उठणार. उठली की जाईल जिथली तिथं, तिच्या अंगात, तिच्या शब्दांसकट. निदान मी तरी असं धरून चालले होते. दुसरं धरायला काही नव्हतं.

सकाळी दहाला बसले. ओतताना तेल सांडलं. लांबच्या भिंतीचा पट्टा घेतला. आवाज लगेच आला, अगदी जवळून. मी पट्ट्याच्या मध्यापर्यंत गेले, फडकं खाली ठेवलं आणि श्वास घेतला.

"ताई, भिंतीकडचा कोपरा सोडलास."

आवाज तिचा होता. आजारपणाच्या आधीचा, जरा घोगरा, चौकशीच्या खिडकीतला. बावीस दिवसांत मी तो ऐकला नव्हता.

"मी सोडते म्हणून बोलतेस आणि तूच सोडतेस," मागून ती म्हणाली. "आणि पडदे कुठले शिवतेस? ते निळं कापड नको हं. अंधार होतो."

मला वळायचं होतं. मी मानेला सांगितलं वळ म्हणून, आणि ती वळलीही, एवढीशी. डोळ्याच्या कोपऱ्यात मला ओल्या तेलावर टेकलेला एक उजवा हात दिसला. बोटं फडक्यावर पसरलेली. मनगटावर घड्याळाच्या जागी फिकट कातडी. कोपरापर्यंत तो हात हातासारखा होता. त्याच्यावर काय होतं ते मी पाहिलं नाही. जे होतं ते फळ्यांच्याच रंगाचं होतं.

"बघू नकोस गं," मुंगी म्हणाली. तिच्या आवाजात भीती होती. "बघितलंस की मला उठावं लागेल. आणि जायला आता जागा नाही राहिली, ताई."

मी मान सरळ केली. फडकं उचललं. मग आम्ही पाचही पट्टे एका दमात केले, आणि ती सगळा वेळ बोलत होती.

८

याला आता चार महिने झाले. मुंगी घरी आहे. बाहेरच्या खोलीत तिचा पलंग टाकला आहे, सांभाळायला एक बाई ठेवली आहे. बाई चांगली आहे, मला मावशी म्हणते. आतली एवढी छान खोली तयार असताना पेशंटला या अडचणीत का ठेवलं, असं तिनं दोन-तीनदा विचारलं. तेल अजून वाळलं नाही, असं मी सांगते.

तीन हात झाले की लाकूड तेल घेत नाही. मिस्त्रीनं हेही सांगितलं होतं. वरून कितीही लावा, तरंगत राहतं. मी लावून बघितलं. मागून आवाज आला नाही, पुसायला कुणी आलं नाही. सगळं चिकट होऊन बसलं. आठ दिवस मी त्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसून काढले. घर इतकं शांत कधी नव्हतं. मग मी घासायचं मशीन आणलं आणि फळ्या कोऱ्या करून पुन्हा पहिला हात दिला.

ते पहिल्यांदा. त्यानंतर मुंगीनं घास चावणं सोडलं, पातळ द्यावं लागायला लागलं. दुसऱ्यांदा घासलं त्यानंतर तिनं डोळे उघडणं सोडलं. मला कळत नाही असं नाही. मी काय करते आहे ते मला कुणी सांगायला नको. पण पलंगावरच्या बाईला मी कोण ते ठाऊक नाही, आणि आत मला ताई म्हणणारं माणूस आहे. निळे पडदे मी काढून टाकले. पांढरे लावले.

गेल्या आठवड्यात मिस्त्री येऊन गेला. जमिनीवर हात फिरवून तो उकिडवा बसला तो बसलाच. हे कितीदा घासलंत, त्यानं विचारलं. फळ्या कागद झाल्यात. आता एकदा मशीन फिरवलंत की सांधे उघडे पडतील, मग या जमिनीत काही राम नाही. बरं, म्हटलं. तो गेल्यावर मशीन फिरवलं.

आज तिसरा हात. सकाळी दहालाच बसले. चौथ्या पट्ट्याला मुंगी स्थानकावरचा तो किस्सा सांगत होती, चुकीच्या गाडीत बसून झोपलेल्या नवरदेवाचा. मी तो शंभरदा ऐकला असेल. मी हसत होते. तेवढ्यात दार उघडलं.

बाई होती. धावत आल्यासारखी. ती माझ्याकडं बघून बोलायला लागली, "मावशी, लवकर चला, त्यांचा श्वास बघा कसा..." आणि तिची नजर माझ्या मागं गेली. तोंड तसंच उघडं राहिलं. दाराची मूठ तिनं दोन्ही हातांनी धरली. तिच्या डोळ्यांत जे होतं त्यावरून मला कळलं की माझ्या मागं काय आहे ते मी विचारू नये.

"दार लावायला सांग," मागून मुंगी शांतपणे म्हणाली. "ओल्या तेलावर धूळ बसते."

बाहेरच्या खोलीतून मोठा, ओढल्यासारखा श्वास ऐकू आला. मग बराच वेळ काही नाही. मग आणखी एक. अजूनही उठता आलं असतं. दहा पावलांवर तिचा पलंग होता, आणि मान वळवायला तर तेवढंही लागत नव्हतं.

"दार लावून घे," मी बाईला म्हटलं. "धूळ बसते."

दार लागलं. बाईची पावलं पळत गेली, अंगणातून रस्त्यापर्यंत. मागं दोन लांब हात फिरले, एक आखूड, आणि थाप पडली.

"मग नवरदेव उठला तेव्हा कुठं होता?" मी विचारलं आणि फडकं तेलात बुडवलं. अजून एक पट्टा राहिला होता.